चौदा रात्रींची पावडर

गाडीतल्या बाईनं सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं. ही बाई डॅशबोर्डमध्ये राहते आणि फोनवर आलेला मेसेज कुणी न विचारता मोठ्यानं वाचून दाखवते. शनिवारची सकाळ होती. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या त्या भल्याथोरल्या चौकात, डावीकडे वळायच्या लेनमध्ये, शुभा सिग्नलची वाट बघत होती. शेजारच्या सीटवर तिचा नवरा गुरुनाथ. मागे मराठी मंडळातले मनोहरकाका आणि ऋषी, आणि दोघांच्या मांड्यांवर आडवा कॅरमचा बोर्ड, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. "हॅलो शुभा," बाई म्हणाली, "युवर बोरिक अ‍ॅसिड, क्वांटिटी फोर्टीन, इज रेडी फॉर पिकअप." एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून की काय, "वुड यू लाइक टु रिप्लाय?" असंही तिनं विचारलं. शुभाची कानशिलं तापली. सिग्नल हिरवा झाला, मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, तरी तिचा पाय ब्रेकवरून निघेना. शरीराच्या ज्या भागाचं नाव तिनं अठ्ठेचाळीस वर्षांत कुठल्याही भाषेत तोंडातून काढलं नव्हतं, त्या भागाचं औषध एका यंत्रानं तीन पुरुषांना जाहीर करून टाकलं होतं, तेही संख्येसकट.

"चौदा!" मागून मनोहरकाका ओरडले. त्यांच्या आवाजात निखळ आनंद होता. "अगं शुभा, देवासारखी धावलीस की! चौदा डबे मागवलेस?" काका सत्तरीचे, मुलाकडे अमेरिकेत येऊन राहिलेले, एके काळी नागपुरात कॅरमचे जिल्हा पातळीचे खेळाडू. मंडळाची कॅरम स्पर्धा उद्या रविवारी शुभाच्या बेसमेंटमध्ये होती, आणि बोर्डावर टाकायला बोरिक पावडर कुठून आणायची या काळजीनं काकांची आठवडाभर झोप उडाली होती. गेल्या वर्षी ऋषीनं पावडर नाही म्हणून कॉर्नफ्लॉवर शिंपडलं होतं, फायनलला राणी बोर्डाच्या मधोमध चिकटून बसली होती, आणि ते दुःख काका अजून विसरले नव्हते. "वहिनी, यू आर अ लाइफसेव्हर यार," ऋषी म्हणाला. "मी किती सर्च केलं. ती आपल्याकडची फाइनवाली मिळतच नाही इथे." गुरुनाथनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू कधी ऑर्डर केलीस?" त्यानं विचारलं. आता इथं शुभाला खरं सांगता आलं असतं, किंवा निदान 'घरी गेल्यावर सांगते' एवढं तरी. पण तिनं गिअरकडे बघत "केली," एवढंच म्हटलं, आणि गाडी डावीकडे वळवली. त्या एका शब्दानं ती वाचली होती आणि त्याच शब्दानं अडकली होती, हे तिला वळण पुरतं संपायच्या आतच कळलं.

फार्मसी वाटेवरच होती, त्यामुळे 'नंतर आणू' म्हणायची सोय नव्हती. शुभा एकटी आत गेली. काउंटरवरच्या मुलीनं जन्मतारीख विचारली, स्टेपल केलेली कागदी पिशवी दिली आणि "एनी क्वेश्चन्स फॉर द फार्मसिस्ट?" असं हसून विचारलं. शुभाला पुष्कळ प्रश्न होते, पण ते फार्मसिस्टला विचारण्याजोगे नव्हते. पिशवी एवढीशी होती. तिनं ती पर्समध्ये तळाला घातली, वर पाकीट, वर चष्म्याची केस, वर टिश्यूचं पाकीट, आणि मग तिला एकदम मिरजेच्या घराची मागची दोरी आठवली. आई त्या दोरीवर आधी बायकांचे आतले कपडे घालायची आणि त्यांच्यावर टॉवेल. एक सबंध टॉवेल, असा की खालचं काय ते परसात आलेल्या कावळ्यालाही कळू नये. भावांच्या बनियन, वडिलांच्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्ड्या ऐन उन्हात, खुशाल, वाऱ्यावर फडफडत. आणि आईचं नि शुभाचं सगळं टॉवेलच्या अंधारात, अर्धवट ओलं, पावसाळ्यात तर तीन-तीन दिवस. तो दमट वास शुभाला अजून आठवतो. ते कपडे तसेच अंगात चढवायचे आणि शाळेत जायचं. खाज सुटली तर सुटली, बाकावर मांडी घट्ट दाबून बसायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं तरी वर्गातल्या सगळ्या मुलींना येत होतं. आता तिच्याकडे ड्रायर आहे, बावीस वर्षं आहे, तरी घड्या घालताना तिचा हात आपोआप टॉवेल शोधतो. ती गाडीत येऊन बसली तेव्हा काकांनी हात पुढे केला. "बघू तरी, कुठल्या मेकची आहे?" शुभा म्हणाली, "उद्या, काका. सील्ड आहे." सील्ड या शब्दाला काकांनी मान दिला.

दोन वर्षांपूर्वी हे सगळं सायनसच्या अँटिबायोटिक्सनं सुरू झालं. नाक मोकळं झालं आणि खाली खाज सुटली. आता अमेरिकेतल्या मराठी घरात कुणाला काही झालं की पहिली उघडते ती इंडियाची बॅग. प्रत्येक घरात ती असते: जुनी, चेन बिघडलेली, पोटदुखीपासून उवांपर्यंत सगळ्यावरच्या गोळ्यांनी भरलेली. इथल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सहा आठवड्यांनी मिळते, बॅग कपाटात असते. शुभाच्या बॅगेत बुरशीवरची एकदाच घ्यायची गोळी होती, मिरजेच्या केमिस्टनं कागद न मागता पट्टीच्या पट्टी दिलेली. तिनं एक घेतली, चार दिवसांनी बरं वाटलं. दीड महिन्यानं परत तेच. परत एक. मग परत. दोन वर्षांत तिनं ती गोळी किती वेळा घेतली हे आठवायचा प्रयत्न केला की तिला घाम फुटतो, कारण शुभा एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग लीड आहे. हाताखालच्या पोरांनी एकाच बगवर तोच तो फिक्स लॉग न बघता तीनदा टाकला, तर ती त्यांना मीटिंगमध्ये उभं-आडवं घेते. आणि स्वतःचा लॉग तिनं दोन वर्षं उघडला नव्हता. मधल्या काळात मंडळाच्या हळदीकुंकवाला तिनं अस्मिताला एका कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, "माझ्या एका मैत्रिणीला ना, सारखं ते होतं." अस्मितानं जराही न चमकता सांगितलं, "माझ्या एका मैत्रिणीला पण होतं. ती दही खाते." त्या दोन अदृश्य मैत्रिणींविषयी दोघी बराच वेळ हळहळल्या, आणि त्या दिवसापासून शुभा रोज वाडगाभर दही खाऊ लागली. गुरुनाथला वाटलं अ‍ॅसिडिटी. त्यानं तिच्यासाठी तिखट कमी करायला सुरुवात केली, आणि ते अळणी पिठलं समोर घेऊन बसताना तिला इतकं वाईट वाटायचं की घास उतरायचा नाही.

शेवटी तिला मुलीनं ढकललं. निधी बोस्टनकडे कॉलेजात आहे. उन्हाळ्यात घरी आली असताना तिनं बाथरूमच्या कचऱ्यात गोळीचं रिकामं पाकीट बघितलं आणि जेवणाच्या टेबलाशी, वरण वाढून घेता घेता, विचारलं, "मॉम, डू यू हॅव अ यीस्ट इन्फेक्शन?" गुरुनाथ त्या वेळी हात धुवायला गेला होता, एवढंच नशीब. "हळू बोल!" शुभा म्हणाली. "व्हाय? इट्स जस्ट फंगस. गेट अ कल्चर डन." पोरीनं हे ज्या सुरात म्हटलं त्या सुरात शुभा टायरमध्ये हवा भरून घे असं म्हणते. मग शुभानं अपॉइंटमेंट घेतली, फॉर्मवर कारण म्हणून 'अ‍ॅन्युअल' लिहिलं, आणि तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरनं, जी निधीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल, पाच मिनिटांत खरं कारण काढून घेतलं. ती पोरगी एकेक शब्द स्वच्छ उच्चारत होती. तिथं बुरशी सगळ्याच बायकांत थोडीफार असते, ती म्हणाली, चांगले जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकनं ते मेले, किंवा साखर वाढली, किंवा वय उतरणीला लागून हार्मोन हलले, की ती फोफावते. त्यात तुमचा काही दोष नाही, स्वच्छतेचा तर नाहीच. शुभाला इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तपासणीच्या टेबलावर छताकडे बघत पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साखर नॉर्मल निघाली. दहा दिवसांनी कल्चरचा, म्हणजे नेमकी कुठली बुरशी ते सांगणारा, रिपोर्ट आला, तो तिनं सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये, कॅमेरा चालू असताना, टेबलाखाली फोन धरून वाचला. कॅन्डिडा ग्लॅब्राटा. नेहमीची बुरशी नव्हे, तिची चुलत बहीण. जी गोळी शुभा दोन वर्षं श्रद्धेनं गिळत होती, ती गोळी या बाईसाहेबांना फारशी लागूच पडत नाही. "शुभा, एनी ब्लॉकर्स?" काम कुठं अडलंय का, ते मॅनेजरनं नेहमीसारखं विचारलं. शुभा म्हणाली, "नो ब्लॉकर्स."

त्यावरचं औषध म्हणून नर्सनं जेव्हा फोनवर बोरिक अ‍ॅसिड म्हटलं, तेव्हा शुभाला हसूच आलं. बोरिक? आम्ही ते कॅरमवर टाकतो, असं ती म्हणणार होती, पण नर्सला आधी कॅरम समजावून सांगावा लागला असता. चौदा कॅप्सूल, चौदा रात्री, रोज एक. तोंडानं चुकूनही घ्यायची नाही, तोंडानं घेतली तर विष. आणि सलग घ्यायची, मधे खंड नको. "आणि तेवढे दिवस जवळीक नको," नर्स म्हणाली, "सो लेट युवर पार्टनर नो." शुभा यावर "शुअर" म्हणाली. आठ महिन्यांत जवळ कुणी आलंच नव्हतं, तेव्हा कळवायचं काय, हा प्रश्न होता.

जानेवारीत गुरुनाथ उशी घेऊन स्टडीत झोपायला गेला. पहाटेचे इंडियाचे कॉल असतात, तुझी झोप मोडते, असं म्हणाला. शुभाला त्या रात्री सुटल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. त्याआधीचे कितीतरी महिने ती काही ना काही सांगत आली होती: डोकं दुखतंय, उद्या रिलीज आहे, कंबर धरलीय. खरं कारण सांगायचं तर त्यासाठी शब्द लागले असते, आणि तेवीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी त्या सगळ्या प्रांताला मिळून एकच शब्द वापरला होता, तो म्हणजे 'ते'. गुरुनाथ चांगला माणूस. भांडी घासतो, आवाज चढवत नाही, बायको 'डोकं दुखतंय' म्हणाली की बाम आणून देतो आणि दार हळू लावून जातो. त्याला दार आपटता आलं असतं तर बरं झालं असतं, असं शुभाला पुढे पुढे वाटू लागलं. पहिला महिना सुटकेत गेला, दुसरा सवयीत, आणि मग एका सकाळी चादर बदलताना तिच्या लक्षात आलं की त्याच्या बाजूची चादर चुरगळतच नाही. तिनं ती हातानं चुरगाळून ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

आणि आता बुधवारी तो म्हणाला होता की कॅरीला जॉब मिळतोय. नॉर्थ कॅरोलायना, चार-साडेचार तासांचा ड्राइव्ह. सोमवार ते शुक्रवार तिथं राहायचं, वीकेंडला घरी. "सोमवारी सकाळी रिप्लाय करायचाय," तो फ्रिजच्या दाराशी बोलल्यासारखा म्हणाला. "तुला काय वाटतं?" शुभानं कोथिंबीर निवडता निवडता उत्तर दिलं, "बघ, तुला बरं वाटेल तसं." हे वाक्य तेव्हापासून तिला सलत होतं. तो गेला तर परत येणार नाही असं नव्हतं. दर शुक्रवारी येईल, कपडे धुवायला टाकेल, रविवारी डबे भरून घेऊन जाईल. घरात पाहुण्यासारखा वागेल, 'मी काही मदत करू का' म्हणून विचारेल. तिला तो पाहुणा नको होता. तिला तो हवा होता, बाजूला, घोरणारा, पांघरूण ओढणारा, आणि 'ते'सुद्धा हवं होतं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जरा जास्तच हवं होतं. हे सांगणं अवघड नव्हतं. पण त्याच्यापाठोपाठ 'मग आठ महिने काय झालं होतं?' असा साधा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर होतं बुरशी. तिच्या आवडीच्या मालिकांमध्ये संसार दुसऱ्या बाईवरून मोडायचे, सासूवरून मोडायचे, इस्टेटीवरून मोडायचे. खाजेवरून मोडणाऱ्या संसाराला काय नाव द्यायचं? निदान दुसरी बाई असती तर मंडळातल्या बायकांना काही सांगता तरी आलं असतं.

रविवारी दुपारी बेसमेंटमध्ये सोळा माणसं जमली. वर स्वयंपाकघरात शुभा एकटी, ओट्यावर तिच्यासमोर कॅप्सूलची बाटली आणि टाल्कम पावडरचा एक रिकामा, धुऊन पुसलेला डबा. रात्रभर विचार करून तिनं ही योजना काढली होती, आणि योजना म्हणून ती निर्दोष होती: कॅप्सूल फोडायच्या, पावडर डब्यात ओतायची, डबा खाली पाठवायचा. चौदा डब्यांच्या जागी चमचा-दीड चमचा बघून काका जरा हिरमुसतील, पण पावडर अस्सल निघेल आणि विषय संपेल. नर्सला काय, सांगू सांडल्या म्हणून. परत लिहून देईल, परत मेसेज येईल, गाडीतला तो आवाज मात्र तेवढा आधी बंद करून ठेवायचा. शुभानं पहिली कॅप्सूल दोन्ही बाजूंनी धरून हलकेच फिरवली. ती टच्चकन उघडली आणि पांढरी भुकटी डब्याच्या तळाशी पडली, इतकी थोडी की फुंकरीनं उडाली असती. ही आजची रात्र, तिच्या मनात आलं. दुसरी उघडली, ही उद्याची. सोमवारची, म्हणजे गुरुनाथ 'हो' कळवून आलेला असेल ती. तिसरी, चौथी. खालून काकांचा खणखणीत आवाज आला, "अहो, पावडरीशिवाय कसला ब्रेक? थांबा, येतेय! बोरिक येतेय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचवी. सहावी. बोटांना ती पावडर गुळगुळीत लागत होती, लहानपणी भावांच्या बोर्डावर लागायची तशीच. बोर्ड भावांचा होता. मुलींनी खेळायचं ते भाऊ दमल्यावर, आणि तेही मांडी नीट घालून. सातवी उघडताना तिला खाज आली. आत, खोल, नेहमीची, लांबच्या खोलीत कुणीतरी सारखं दार खरवडतंय अशी. ओट्याच्या कडेशी दाबून ती उभी राहिली आणि आठवी कॅप्सूल हातात घेतली.

ती काही केल्या तिला फोडवेना. नख लावलं होतं, जरा फिरवायचीच खोटी होती, पण हात ऐकेनात. दोन वर्षं, तिला वाटलं, दोन वर्षांनी एक औषध मिळालंय, आणि ते मी सोळा बाप्यांच्या सोंगट्या घसराव्यात म्हणून ओततेय. का, तर मला एक शब्द बोलता येत नाही. तिला स्वतःचा भयंकर राग आला. रागामागून रडू येत होतं, आणि तेवढ्यात जिना चढून गुरुनाथ आला. त्याच्या हातात चिवड्याचं रिकामं पातेलं होतं. "पावडर मागतायत," तो म्हणाला.

"ती कॅरमची नाहीये," शुभा म्हणाली. "माझी आहे."

गुरुनाथनं ओट्याकडे बघितलं: सात रिकामी टरफलं, सात भरलेल्या कॅप्सूल, टाल्कमचा डबा. शुभाला वाटलं आता बोलायलाच हवं, आणि ती बोलली. दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकात एक धडा होता, जो बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. त्या धड्यातला शब्द तिनं अख्खा, न गिळता, मुलींच्या शाळेतल्या शुद्ध उच्चारात काढला. "मला योनिमार्गात बुरशी झालीय. दोन वर्षं झाली. सारखी होते. म्हणून मी तुला जवळ येऊ देत नव्हते. दुसरं काही कारण नव्हतं. आणि कॅरीला जाऊ नकोस." एका दमात सगळं बाहेर पडलं. फ्रिज मधेच घरघरायचा थांबला होता, त्यामुळे शेवटची दोन वाक्यं तिच्या अपेक्षेपेक्षा फारच मोठ्यानं ऐकू आली.

गुरुनाथनं पातेलं हळूच सिंकमध्ये ठेवलं. "कॅन्डिडा?" त्यानं विचारलं.

शुभा चमकली. हा माणूस मायक्रोवेव्हलासुद्धा गेली बावीस वर्षं 'ओव्हन' म्हणत होता, आणि हा शब्द त्यानं नर्सच्या तोडीस तोड उच्चारला होता. "तुला काय माहीत?" ती म्हणाली.

"मला पण झालं होतं," गुरुनाथ सिंकमध्ये बघत म्हणाला. "म्हणजे, मला. जानेवारीत. लाल झालं होतं सगळं, खाज, आग. मला वाटलं कॅन्सर. मग अर्जंट केअरला गेलो. डॉक्टर म्हणाला, इट्स जस्ट यीस्ट. क्रीम दिलं. आठवड्यात गेलं."

"आणि?"

"आणि तो म्हणाला, टेल युवर वाइफ. तिला पण असेल, तिला चेक करायला सांग."

"मग?"

"मी म्हटलं, शुअर." गुरुनाथनं नळ उघडला आणि परत बंद केला. "पार्किंग लॉटमध्ये तासभर बसलो, कसं सांगायचं त्याचा विचार करत. मला वाटलं माझ्यामुळेच तुला झालं असणार. तुला किळस येईल. घरी आलो, तू भाकरी करत होतीस. मग मी उशी घेतली आणि स्टडीत गेलो."

शुभाला आधी काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ती संतापली, हातातली कॅप्सूल तिनं ओट्यावर आपटली. "आठ महिने! गुरुनाथ, आठ महिने मी मीटिंगमध्ये पाय आवळून बसतेय! तू तेव्हा एक शब्द बोलला असतास तर माझं कल्चर जानेवारीत झालं असतं!"

"तू बोलली असतीस तर माझं त्याच्याआधीच..."

"मी बाई आहे!"

"म्हणजे?"

म्हणजे काय ते शुभालाही सांगता येईना. वाक्य तर अगदी बरोबर वाटलं होतं. खालून ऋषीचा आवाज आला, "वहिनी, एनी अपडेट?" गुरुनाथनं जिन्याकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा, ओरडून सांगितलं, "पावडर नाहीये! तशीच खेळा!" खालून काकांचा लांबलचक उसासा ऐकू आला, आणि मग खरखरत पहिला ब्रेक झाला. "आणि कॅरी?" शुभानं विचारलं. आवाज तिचा अजून चढलेलाच होता. "ते काय होतं? माझा कंटाळा?"

"नाही गं." गुरुनाथचे कान लाल झाले होते. "मला समोर सांगता येत नाही. म्हटलं तिथं गेलं की एक दिवस संध्याकाळी फोन करावा आणि सांगून टाकावं सगळं. फोनवर जमलं असतं मला."

शुभानं त्याच्याकडे नीट बघितलं. एका वाक्यासाठी हा माणूस जॉब बदलून, अपार्टमेंट घेऊन, पावणेतीनशे मैल लांब जायला निघाला होता. मुलाखतींच्या चार फेऱ्या दिल्या होत्या त्यानं. आपण कॅप्सूल फोडल्या ते काहीच नाही, असं तिला वाटलं, आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ती ओटा धरून इतकी हसू लागली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यात काही पाणी हसण्याचं नव्हतं. गुरुनाथला हसावं की नको ते समजेना. तो सिंककडे तोंड करून उभा राहिला, खांदे पाडून, हातात कोरडं फडकं घेऊन. त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे तिला माहीत नव्हतं. तिनं उरलेल्या सात कॅप्सूल एकेक करून बाटलीत भरल्या, झाकण घट्ट लावलं. बाकीच्या सात उद्या मागवायच्या, आणि पहिल्या सांडल्या असं नर्सला सांगायचं नाही.

"सांग मग," ती म्हणाली.

"आता सांगितलं की सगळं."

"असं नाही. तिथून सांगणार होतास तसं सांग."

गुरुनाथ वळला नाही. मग त्यानं फडक्यासकट हात कानाशी नेला. "हॅलो," तो म्हणाला, आणि घसा साफ केला. "शुभा? मी बोलतोय."

"बोल."

"जेवलीस?"

"जेवले. बोल."

"मला एक सांगायचं होतं." मग तो बोलू लागला. थांबत थांबत, पार्किंग लॉटपासून सगळं: क्रीम त्यानं गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यात लपवलं होतं ते, स्टडीतला सोफा पाठीला टोचतो ते, कितीतरी सकाळी तिच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि परत जायचा ते, आणि आठ महिने त्याला तिची आठवण येत होती, एकाच घरात राहून, ते. शेवटचं सांगताना त्याचा आवाज फाटला. शुभा त्याच्या पाठीकडे बघत ऐकत होती आणि मधे मधे, लांबच्या फोनवर म्हणतात तसं, "हं," म्हणत होती. तो थांबला. लाइन चालू आहे की नाही हे त्याला कळेना झालं असावं, कारण त्यानं परत एकदा "हॅलो?" म्हटलं.

"आहे मी," शुभा म्हणाली. "घरी कधी येतोयस?"

गुरुनाथनं कानावरचा हात खाली घेतला आणि तो वळला.

"आलो," तो म्हणाला.